वर निखारे, खाली निखारे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात आम्ही चुलीवर, फुफाट्यात आणि खापरावर भाजल्या जाणाऱ्या घरगुती पदार्थांविषयी लिहिले होते. त्यावर मुंबई आणि उपनगरांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई सावंतवाडीकडच्या होत्या. त्यांच्या धोंडसाची, म्हणजे काकडी-गुळाच्या भाजलेल्या गोड पदार्थाची, चव आठवून मी ओव्हनमध्ये 180 अंशांवर तसेच धोंडस करून पाहिले. ते वरून कोरडे होऊन भेगाळले आणि आत तांदळाचे दाणे कचकचीत राहिले. साहित्य तेच होते, मग चुकले काय? (एक वाचिका, माहीम)

आपण गूळ केव्हा घातला हे पत्रात लिहिलेले नाही, परंतु दाणे कचकचीत राहिले यावरून तो रव्याबरोबर सुरुवातीलाच पडला असावा. गुळाच्या पाण्यात तांदूळ नीट फुगत नाही, कारण साखर पाणी स्वतःकडे धरून ठेवते आणि तांदळातले पीठ फुलायला अधिक उष्णता लागू लागते. म्हणून जाणत्या बायका आधी तवशाचा, म्हणजे जून काकडीचा, कीस त्याला सुटलेल्या पाण्यासकट टोपात घालून उकळी आणत, त्यात तुपावर परतलेला तांदळाचा जाडसर रवा सोडत, दाणा बोटांत दाबून मऊ लागेपर्यंत तो शिजवत आणि मगच गूळ, ओले खोबरे, वेलची व चिमूटभर मीठ घालत. एक वाटी रव्याला दोन वाट्या कीस, पाऊण वाटी गूळ आणि अर्धी वाटी खोबरे हे प्रमाण माझ्या हाताला बसलेले आहे. कीस पिळून पाणी फेकून देऊ नये, कारण धोंडसाचा सगळा वास त्या पाण्यातच असतो. कोशिंबिरीची बारीक हिरवी काकडी येथे उपयोगाची नाही; गणपतीच्या सुमारास बाजारात येणारी जून, पिवळट पडलेली मोठी काकडीच हवी.

आता कोरडेपणाविषयी. माझी आजी मालवणजवळच्या घरी धोंडस करीत असे, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. कल्हई केलेल्या टोपाच्या तळाला हळदीची पाने, त्यावर मिश्रण, पुन्हा एक पान आणि वर घट्ट बसणारी जड थाळी. चुलीतली लाकडे बाहेर ओढून खाली नुसता आर ठेवलेला असे आणि थाळीवर सोडणांचे (नारळाच्या सालींचे) व करवंट्यांचे निखारे पसरलेले असत, तेही खालच्यापेक्षा जास्त. निखाऱ्यांवर राख साचली की ती फुंकून उडवी, पण झाकण काही उचलू देत नसे. हळदीच्या पानाचा भाजका वास मागच्या पडवीत पोहोचला की मगच थाळी निखाऱ्यांसकट चिमट्याने उचलली जाई.

या रचनेत दोन गोष्टी आपोआप घडतात. झाकणामुळे वाफ आत कोंडून राहते, आणि निखारे विझत जातात तशी धग हळूहळू उतरत जाते. ओव्हनच्या उघड्या ट्रेमध्ये वाफ निघून जाते आणि उष्णता शेवटपर्यंत तेवढीच राहते. म्हणून भांड्याला आतून तूप लावून हळदीची पाने अंथरावीत, मिश्रणावर पान ठेवून भांडे फॉइलने घट्ट बंद करावे, पहिली वीस मिनिटे 180 अंशांवर आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे 160 अंशांवर भाजावे, आणि वरून खरपूस रंग यावा म्हणून फॉइल केवळ शेवटच्या दहा मिनिटांसाठी काढावे. गरम असताना धोंडस कापू नये. पूर्ण निवल्यावरच त्याच्या वड्या धारदार पडतात आणि दुसऱ्या दिवशी ते अधिक चांगले लागते.

प्रश्न : माझ्या मुलीला शाळेत सांगण्यात आले की, पदार्थ भाजण्याची कला आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणि इंग्रजांनी आणली. हे खरे आहे का? (एक पालक, अंधेरी)

यातला खरा भाग आधी मान्य करू. यीस्टने फुगवलेला पाव आणि अंड्याचा केक आपल्याकडे युरोपीय लोकांबरोबर आला, आणि 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज आहे. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत उत्तर कोकणच्या स्वयंपाकघरात बऱ्याच नव्या गोष्टी रुजल्या.

परंतु धान्य मळून ते कोरड्या धगीवर भाजणे ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. एकनाथ महाराजांच्या प्रसिद्ध भारुडातली सासुरवाशीण भवानीआईला नवस बोलते तो रोडग्याचा. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा जाड गोळा. एकनाथ सोळाव्या शतकातले, पैठणचे. वसईत पोर्तुगीज नुकतेच स्थिरावत होते, त्या काळात गोदावरीकाठच्या श्रोत्यांना रोडगा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते. तो देवीला वाहण्याइतका रुळलेला होता. त्याहून जुनी कथा मांड्यांची आहे. मुक्ताईला मांडे करायचे होते आणि विसोबा चाटी यांनी कुंभारांना तिला खापर देऊ दिले नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी पेटवून आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले, अशी ती आख्यायिका आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी ही कथा रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे पालथे खापर मिळाले नाही तर मांडे होत नाहीत. खानदेशात आजही मांडे पालथ्या खापरावरच भाजतात.

मुंबईतलेच उदाहरण हवे असेल तर पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांतले भानोळे घ्यावे. कोबी किंवा कोळंबी बेसनात कालवून जाड बुडाच्या भांड्यात लावायची आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायची. माझ्या आजीच्या धोंडसाची आणि या भानोळ्याची रीत तंतोतंत एक आहे. आपल्या मुलीने वहीत चुलीवरचा झाकलेला टोप आणि त्यावरचे निखारे यांचे चित्र काढावे आणि शेजारी ओव्हनचे चित्र काढून वरची धग, खालची धग बाणांनी दाखवावी. शिक्षकांना निराळे काही सांगावे लागणार नाही.

प्रश्न : आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो, तेव्हा दिवाळीच्या आधी नानकटाईचे सामान घेऊन बेकरीत जात असू. आता ती बेकरी नाही. घरी केलेली नानकटाई एक तर पसरते, नाही तर दगडासारखी होते. (एक वाचक, सध्या ठाणे)

मैदा, साखर आणि तूप घेऊन रांगेत उभे राहायचे, आपल्या ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायची आणि रिकामा पत्र्याचा डबा मांडीवर धरून बसायचे, हे गिरणगावातल्या आणि गिरगावातल्या असंख्य मुलांनी केले आहे. आपले पत्र वाचताना त्या गरम डब्याचा मांडीला बसणारा चटका मला पुन्हा आठवला.

त्या नानकटाईचे निम्मे श्रेय विटांच्या भट्टीला द्यायला हवे. लाकडांनी तापलेल्या भट्टीत आधी पाव भाजून निघत आणि भट्टी उतरू लागली की बिस्किटे व नानकटाई आत जाई. म्हणजे येथेही उतरती धगच कामी येत होती. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने लाकूड व कोळशावरच्या भट्ट्यांना वीज किंवा गॅसकडे वळण्यास सांगितले. शहराच्या हवेचा विचार करता हा निर्णय मला योग्य वाटतो, आणि तरीही त्या भट्ट्यांबरोबर जी चव जाईल तिची हळहळही वाटते.

उरलेले निम्मे श्रेय मात्र आपल्या हातात आहे. वजनाने दोन भाग मैदा, एक भाग पिठीसाखर आणि एक भाग तूप घ्यावे. मैद्याच्या पावपटीइतके बेसन किंवा बारीक रवा मैद्याऐवजी घेतला तर खुसखुशीतपणा वाढतो. तूप पातळ नसावे. ते रवाळ, थिजलेले असावे आणि साखरेसह तळहाताने ताटात फेसून पांढरे व हलके करावे. याला दहा-बारा मिनिटे लागतात आणि ती वाचवता येत नाहीत, कारण फेसताना तुपात शिरलेली हवाच पुढे नानकटाईला फुलवते. मुंबईच्या उकाड्यात तूप पातळ राहते, म्हणूनच आपली नानकटाई पसरते. गोळे वळून झाल्यावर ट्रे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. ती दगडासारखी होते याचे कारण उलट आहे. मैदा घातल्यावर आपण कणकेसारखे मळत असाल. मैदा केवळ बोटांनी एकत्र करावा आणि गोळा होत नाही म्हणून पाण्याचा किंवा दुधाचा हात लावू नये, कारण पाणी लागताच मैद्याला चिकटपणा येतो. 160 ते 170 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. बाहेर काढताना नानकटाई मऊ लागली तर घाबरून पुन्हा आत ठेवू नये. ती निवताना कडक होते.

बेकरीतल्या नानकटाईत बहुधा वनस्पती तूप असे. आपल्या जिभेला तीच चव हवी असेल तर साजूक तुपाने ती तशी येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माहेर अमरावतीकडचे. घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये रोडगे कसे करावेत? (एक वाचिका)

गॅलरीत गोवऱ्या पेटवू नयेत. धुराचा त्रास शेजाऱ्यांना होतो. जाडसर दळलेल्या कणकेत तेलाचे मोहन, ओवा आणि मीठ घालून घट्ट मळावे, पदर लावून गोळे करावेत आणि 200 अंशांवर, मधून मधून फिरवत, तडा जाऊन तांबूस होईपर्यंत भाजावेत. मग ते डब्यात ठेवून वाटीत एक पेटता कोळसा व चमचाभर तूप घालून झाकावेत. राखेचा वास यात येणार नाही. तो हवा असेल तर गावच्या जत्रेतली रोडग्यांची पंगत चुकवू नये.

प्रश्न : आम्ही वांद्र्याच्या एका गावठाणात राहतो. शेजारच्या ईस्ट इंडियन आजी नाताळात थाळी स्वीट पाठवतात. त्यांच्याकडून कृती मागणे बरे दिसेल का? त्या सगळे अंदाजाने घालतात. (एक वाचिका)

अवश्य मागावी, आणि डिसेंबर उजाडण्याची वाट न पाहता मागावी. ईस्ट इंडियन मंडळी ही याच उत्तर कोकणच्या भूमीतली मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसे आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1887 मध्ये, त्यांनी आपली संघटना स्थापन केली आणि हे नाव धारण केले. उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला त्यांचा मसाला, लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत आणायचे उमराचे पाणी, फुगे नावाचे तळलेले गोल पाव आणि हातावर थापलेली तांदळाची भाकरी हे सगळे आपल्या शेजारच्याच घरात आहे. थाळी स्वीटमधला रवा आणि नारळ कोकणातला आहे, अंडी आणि बदाम घालण्याची रीत युरोपकडची.

कृती विचारायला वही घेऊन जाण्यापेक्षा आजी करत असतील त्या दिवशी मदतीला जावे. त्या ज्या वाटीने रवा घेतात ती वाटी पाण्याने भरून ते पाणी मापाच्या भांड्यात ओतून पाहावे. एकदा वाटीचे माप कळले की "दीड वाटी आणि वर थोडा" याचा अर्थ लागतो. "थोडा" म्हणताना त्यांच्या मुठीत किती येते, तेही वाटीत ओतून घ्यावे. मिश्रण चमच्यावरून कसे पडते, त्या ते किती वेळ मुरू देतात आणि भाजून झाल्याचे वासावरून ओळखतात की कडा सुटल्यावरून, हे लगेच टिपून ठेवावे. थाळीचा व्यासही मोजावा, कारण तेच मिश्रण लहान थाळीत जाड लागले तर मध्यभागी कच्चे राहते. पहिली थाळी घरी झाली की तिचा पहिला तुकडा आजींकडेच न्यावा आणि काय कमी पडले ते त्यांनाच विचारावे.