सिव्हिल टेक्नॉलॉजीची असोसिएट डिग्री घेताना

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी घ्यायचं ठरवलंस, छान केलंस. पण फी भरण्याआधी विचारून घे: पुढे बॅचलर करायचं झालं तर यातले किती क्रेडिट कुठलं विद्यापीठ धरेल? ही दोन वर्षांची, साधारण ६० क्रेडिटची पदवी बरेचदा ‘अप्लाइड सायन्स’ची असते, तिचा रोख थेट नोकरीकडे. तिच्यातलं गणित इंजिनिअरिंगच्या बॅचलरला सहसा पुरत नाही. ती वाट मनात असेल तर कॅल्क्युलस सुरुवातीलाच घे. एबेटची (इंजिनिअरिंग आणि टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यताही तपास.

सर्व्हेइंगमध्ये आपल्याकडच्या मुलांना अडतं ते फुटापाशी. जमीन मोजताना फुटाचे दहा भाग, इमारतीच्या ड्रॉइंगवर मात्र बारा इंच. ५.२५ फूट म्हणजे ५ फूट ३ इंच. हे कॅल्क्युलेटरशिवाय जमेपर्यंत सोडू नकोस.

आणि शिकतानाच एसीआयची (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट) काँक्रीट फील्ड टेस्टिंग टेक्निशियन, ग्रेड १ ही परीक्षा दे. लेखी असते आणि प्रात्यक्षिकही. स्लम्पचंच बघ, म्हणजे ओलं काँक्रीट किती खचतं ते मोजणारी चाचणी: १२ इंच उंचीचा शंकूसारखा साचा, त्यात काँक्रीटचे तीन थर, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे, मग साचा जराही न पिळता पाचेक सेकंदांत सरळ वर. थर उंचीने नव्हे, घनफळाने सारखे हवेत. त्यामुळे रुंद तळाचा पहिला थर उंचीला कमी भरतो. चुकतात बहुतेक इथेच. मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये हे प्रमाणपत्र फार उपयोगी पडतं. एफ-१ व्हिसावर असशील तर बाहेरच्या कामाआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला भेट.