जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकावे का?

आपला लॅपटॉप २०१५ सालचा, पाचव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा, ४ जीबी रॅम आणि साध्या हार्ड डिस्कचा आहे. विंडोज ११ घ्यायला गेल्यास संगणक पात्र नसल्याचा संदेश येतो, तेव्हा काय करावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकू नये आणि लॅपटॉप टाकूनही देऊ नये.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि, एखाददुसरा अपवाद सोडल्यास, इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. ही तपासणी चुकवण्याच्या युक्त्या यूट्यूबवर ढिगाने सापडतात. परंतु अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपला सारा खटाटोप तर अपडेटसाठीच आहे.

पैसे खर्च करायचे असतील तर ते आधी एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर, करावेत. माझा लॅपटॉपही याच वयाचा आहे. तो सुरू केला की टास्क मॅनेजरमधला डिस्कचा रकाना कितीतरी वेळ १०० टक्क्यांवर अडकून राही आणि ब्राउझर उघडेपर्यंत जीव मेटाकुटीला येई. मी बॅटरी काढली, मागचे झाकण उघडले, कोणता स्क्रू कुठला हे विसरू नये म्हणून कागदावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला आणि हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी बसवली. प्रोसेसर तोच असूनही तो लॅपटॉप मी आजही रोज वापरतो. रॅम ८ जीबी करता आली तर फारच उत्तम. मात्र आपल्या लॅपटॉपला बहुधा डीडीआर३एल प्रकारची रॅम लागेल, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

आता राहिला प्रणालीचा प्रश्न. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. आपले काम टॅली (हिशेबाचे) किंवा श्रीलिपी (मराठी टंकलेखनाचे) यांसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवाचून अडत असेल, तर सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये जाऊन वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी. ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तसे नसेल तर मी लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी वापरायची दुसरी प्रणाली) सुचवीन, कारण त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि ते पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता, वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर चालतात की नाही हे पाहता येते. इनस्क्रिप्ट या कळफलक-रचनेची सवय असल्यास मराठी टंकलेखन तेथेही तसेच करता येते. मात्र श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली पत्रे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखी दिसतात, म्हणून ती विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत.

आणि यातले काहीही करण्यापूर्वी फोटो व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून, त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.