तूप-लोणचं नागपुरातच मोठ्या बॅगेत जाऊ द्या

ताई, तुमचे आईबाबा दारव्ह्याहून निघून नागपूर, मुंबई, दोहा असं करत शिकागोला जाणार आहेत आणि घरचं तूप, आंब्याचं लोणचं, आईची औषधं हाताशी ठेवायची का, असं तुम्ही विचारलंय. औषधं हाताशीच ठेवा. तूप-लोणचं अजिबात नको.

आंतरराष्ट्रीय विमानात हँडबॅगेतली प्रत्येक पातळ वस्तू १०० मिलीच्या किंवा त्याहून लहान बाटलीत हवी. या सगळ्या बाटल्या एका पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या १ लिटरच्या पिशवीत बसल्या पाहिजेत आणि माणशी पिशवी एकच. इथे आपली माणसं हमखास अडकतात, कारण तपासणीवाले माप बाटलीचं धरतात, आतल्या मालाचं नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाला दोन चमचे खोबरेल उरलं असलं तरी ती बाटली काढून घेतातच. त्यापेक्षा मेडिकलमधल्या सिरपची १०० मिली छापलेली रिकामी बाटली धुऊन त्यात तेल भरा. माप छापलेलं असलं की वाद होत नाही.

पातळ म्हणजे फक्त पाणी आणि तेल असं समजू नका. टूथपेस्ट, बाम, व्हॅसलिन, मध, ओला ठेचा, श्रीखंड हे सगळं त्यातच धरतात. थंडीत थिजलेलं तूपसुद्धा. मिरचीचं लोणचं तर आपल्याकडे हँडबॅगेतून सोडतच नाहीत. लाडू, चकल्या, चिवडा, संत्रा बर्फी खुशाल न्या.

हा नियम आला तो २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला पातळ स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीस आल्यावर. म्हणून तपासणीवाल्यापुढे "अहो, घरचं तूप आहे" म्हणून काही होत नाही. त्याला वास घेऊन ठरवायचा अधिकार नाही.

खरा घोळ नागपूरला होतो. देशांतर्गत विमानाला हा १०० मिलीचा नियम नाही, पाण्याची बाटली सहसा जाऊ देतात. मग म्हाताऱ्या माणसांना वाटतं, इथे सोडलं म्हणजे पुढेही सोडतील. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर मोठ्या बॅगा बहुतेक वेळा नागपूरलाच थेट शिकागोपर्यंत टॅग होतात. मुंबईत सिक्युरिटीला लोणच्याची बरणी अडली तर ती टाकायला मोठी बॅग हाताशी नसते. बरणी तिथेच कचऱ्याच्या डब्यात जाते आणि आईचा पुढचा सगळा प्रवास हळहळण्यात जातो. म्हणून नागपूरच्या काउंटरवर बॅग द्यायच्या आधीच हँडबॅग एकदा उपसून बघा.

तूप पॅक करताना स्टीलचा डबा नको, झाकण हमखास सरकतं. जाड प्लॅस्टिकची फिरकीच्या झाकणाची बरणी घ्या आणि काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा. तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ठेवून झाकण घट्ट पिळा, वरून चिकटपट्टी मारा. मग एकात एक अशा दोन पिशव्यांत घालून जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा. कडेला ठेवाल तर आदळते. खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेतही टाकू नका. तेलकट खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इनमध्ये त्याला बंदी आहे.

तिखट, मसाला, जवसाची चटणी कोरडी असली तरी अमेरिकेला जाताना ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हँडबॅगेत असेल तर वेगळी तपासणी होते, कधी काढूनही घेतात. तेही मोठ्या बॅगेत टाका.

औषधांना १०० मिलीचं बंधन नाही, पण प्रवासाला लागेल तेवढंच ठेवा, मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. तपासणीत ती वेगळी काढून आधीच दाखवा. आई इन्सुलिन घेत असेल तर ते मोठ्या बॅगेत चुकूनही नको. विमानात खाली सामानाच्या जागेत गोठलं तर निकामी होतं.

पाण्यासाठी रिकामी बाटली द्या, तपासणी झाल्यावर आत भरता येते. मुंबईत भरलेलं पाणी दोह्याला पुन्हा तपासणी लागली की टाकावं लागतं, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. ड्यूटी फ्रीमधून काही पातळ घेतलंच तर सीलबंद पिशवी आणि आतली पावती शिकागोपर्यंत फोडायची नाही.

अमेरिकेत उतरल्यावर खायचं सामान आहे का विचारतील तेव्हा "हो" म्हणायचं. लपवलं तर दंड बसतो. मांस-मच्छी काही देऊ नका.

तिकिटावर मोठ्या बॅगेचं वजन किती लिहिलंय ते सांगा, मग तुपाच्या किती बरण्या बसतील ते बघू.