मास्क अकरा रात्री, बॅटरी अकरा वर्षं

प्रश्न : वय ५२. नाशिकच्या अंबडला शिफ्ट इंजिनिअर आहे, राहतो इंदिरानगरला, बाइकवरून हायवेने कामाला जातो. नोव्हेंबरात झोपेची तपासणी झाली, तासाला ३८ वेळा श्वास अडकतो असं निघालं. बायको रात्री जागून माझे श्वास मोजते. ४८ हजारांचं सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) घेतलं, ११ रात्री लावलं आणि ठेवून दिलं. नाकावर वळ उठतो, पहाटे नळीत पाणी गुडगुडतं. मुलगा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, इकडे येऊन छातीत इम्प्लांट बसवा, मास्कची कटकटच नको. खर्च ४० हजार डॉलर. १४ लाखांची एफडी आणि २२ लाखांचे म्युच्युअल फंड मोडले तर जमतं, पीएफला हात लागत नाही. मोडू का? शिवाय स्वतःची आरोग्य पॉलिसी घ्यायची आहे. एजंट म्हणतो, झोपेच्या आजाराचं लिहू नका.

उत्तर : मोडू नका. निदान आत्ता तरी नाही.

इम्प्लांट थोतांड आहे असं मी म्हणत नाही. कॉलरबोनखाली पेसमेकरसारखी डबी बसते, तिची तार जिभेच्या नसेला जोडतात, रात्री रिमोटने चालू केलं की श्वासागणिक जीभ पुढे सरकते आणि घसा मोकळा राहतो. अमेरिकेत याला २०१४ साली मान्यता मिळाली. त्यामागच्या अभ्यासात १२६ जण होते. वर्षभरात तासाला अडकणारे श्वास मधल्या आकड्याने २९ वरून ९ वर आले. पण ठरवलेल्या निकषाइतका फरक पडला तो तिघांतल्या दोघांनाच. आणि हा उपाय ज्यांना मास्क खरोखर झेपला नाही त्यांच्यासाठी आहे. आधी भूल देऊन घशात दुर्बीण घालून बघतात. टाळूपाशी घसा चहूबाजूंनी मिटत असेल तर बहुतेक नकारच मिळतो. म्हणजे विमानाची तिकिटं काढून, एफडी मोडून तिथे पोचायचं आणि ‘तुम्हाला चालणार नाही’ ऐकायचं, हेही घडू शकतं. चिरंजीवांच्या हिशोबात ही ओळ दिसत नाही.

आता पैसे. डॉलर ९० रुपये धरला तर ३६ लाख. रिटायर व्हायला तुम्हाला सहा वर्षं आहेत; हेच ३६ लाख नुसत्या सात टक्क्यांनी वाढले तरी ५४ लाख होतात. फंड विकताना सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. २२ लाखांत १० लाख नफा असला, तर एक लाखाच्या वर तिथेच गेले. वर्षाला १० लाखांपुढे रक्कम बाहेर पाठवली की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्न भरल्यावर मिळतो, पण तोवर अडकतो. प्रवासी विम्याच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नका, आधीच्या आजाराची ठरवून केलेली शस्त्रक्रिया त्यात बसत नाही.

बॅटरी साधारण ११ वर्षं चालते. मी दोन्हीकडे तेवढीच वर्षं धरून हिशोब मांडला. मास्क, कुशन, फिल्टर, नळी मिळून वर्षाला १२ हजार आणि मध्ये एकदा नवं मशीन, असे दोन लाख धरा. रात्रीला ५० रुपये पडले. इम्प्लांटला रात्रीला ९०० रुपये पडतात. सिंहस्थाचे दिवस सोडले तर एवढ्यात पंचवटीत लॉजची खोली मिळेल! आणि ६३ व्या वर्षी बॅटरीसाठी पुन्हा टेबलावर जायचं ते वेगळंच.

पण मला खरा खटकतो तो त्यानंतरचा भाग. इम्प्लांट बसवल्यावर साधारण महिन्याने ते चालू करतात, मग करंट हळूहळू वाढवत नेतात, पुन्हा झोपेची तपासणी होते, पुढे दर सहा-बारा महिन्यांनी दाखवायचं. तुम्ही इंदिरानगरला आणि सेटिंग करणारा न्यू जर्सीला. जीभ दुखायला लागली तर रात्री अकरा वाजता कोणाला फोन करणार?

अकरा रात्रींत मास्क कळत नाही. माझ्या मामांचं मशीन दोन वर्षं माळ्यावर आकाशकंदिलाशेजारी पडून होतं. शेवटी नाकपुडीला टेकणारा छोटा मास्क मिळाला आणि गाडी रुळावर आली. तुमचा वळ बहुधा चुकीच्या मापामुळे आहे. बेल्ट आवळून हवा गळायची थांबत नाही, उलट वळ वाढतो. नळीतलं पाणी ही आपल्या नाशिकच्या थंडीची देणगी : गरम दमट हवा गार नळीत गेली की थेंब धरतात. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर एक घर खाली आणा, नळीवर कापडी कव्हर चढवा किंवा गरम होणारी नळी घ्या. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा.

एफडीतले फक्त ५० हजार बाजूला काढा. त्यात दोन-तीन प्रकारचे मास्क आणि लागलंच तर दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण. मशीनच्या कार्डात रोजचे तास आणि हवेची गळती नोंदलेली असते. तीन महिन्यांनी ते कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. दहापैकी सात रात्री चार-चार तास होत असतील तर विषय मिटला. प्रामाणिकपणे करूनही नाहीच झालं, तर इम्प्लांटचं बघू. तेही बसवणारा आणि पुढे सेटिंग करणारा दोघंही गाठता येतील तिथेच, आणि आधी घशाची दुर्बीण करून. तोवर नुसतं बसूही नका. वहिनी रात्री जाग्या राहून तुमचे श्वास मोजतात आणि सकाळी तुम्ही अपुऱ्या झोपेवर बाइकवरून हायवेने कामाला जाता. हा धोका ३६ लाखांहून मोठा आहे.

पॉलिसीचं म्हणाल तर एजंट बदला. तुमच्या तपासणीच्या कागदावर तारीख छापलेली आहे, दडवणार काय? खरं लिहिलंत तर आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागेल, म्हणजे ५५ व्या वर्षी मोकळे. कंपनीचा विमा सुटायला तेव्हाही तीन वर्षं असतील. ६० महिने झाले की विमा कंपनीला जुन्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही, अपवाद फक्त फसवणुकीचा. जाणूनबुजून लपवणं त्यातच मोडतं. प्रीमियम थोडा वाढवून मागतील, द्या. घरी लावायचं मशीन आणि मास्क मात्र बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत, तो खर्च खिशातूनच.

आणि मशीन बाहेर काढलंत की आधी फिल्टर बदला आणि टाकीत साधं पाणी न घालता डिस्टिल्ड घाला.