साठ रुपयांचे कानातले आणि कुरिअरचं भाडं
अगं, मुंबईच्या भुलेश्वर बाजारातून आणलेले कानातले ऑनलाइन ६० रुपयांना सुटे विकू नकोस, कुरिअरच त्याहून महाग पडतं. चार जोड्यांचा सेट लाव. बहुतेक कुरिअरवाले ५०० ग्रॅमपर्यंत एकच दर घेतात, चारही त्यातच जातात. खोका मात्र लहान घे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात; येणारं किलोतलं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर पैसे त्याचेच. मी एकदा पिसासारख्या हलक्या तोरणाला दोन किलोचे मोजलेत!

कॅश ऑन डिलिव्हरी सध्या नकोच. पार्सल परत आलं की जाण्यायेण्याचं भाडं आपल्याच गळ्यात. 'तुटकं आलं' म्हणणाऱ्याला आधी फोटो माग, मग आपला पॅकिंगचा व्हिडिओ पाठव. तरी अडूनच बसला, तर पैसे परत कर नि नंबर ब्लॉक.