गाडीत लॅपटॉप ठेवून वायफायचा नकाशा काढला, पण बरीच नेटवर्कं गायब आहेत. काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातून समजलं ते असं: लिनक्स लॅपटॉप मागच्या सीटवर, आतलंच वायफाय कार्ड, यूएसबी जीपीएस, वर किस्मेट (आसपासची वायफाय नेटवर्कं ऐकून नोंदवणारा प्रोग्रॅम). कोथरूडच्या गल्ल्यांतून फिरलात. सोसायट्यांच्या आतली नेटवर्कं सापडली नाहीत आणि जी सापडली त्यांचे ठिपके नकाशात सगळे रस्त्यावरच पडले. यातली पहिली अडचण जुळणीची आहे. दुसरी तर चूकच नाही, तिच्याकडे शेवटी येतो.

नवं कार्ड घेण्याआधी वेळेचं गणित बघा, कारण खरी गळती तिथेच होते. बहुतेक राउटर दर 102.4 मिलिसेकंदांनी एक बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश, सोडतात. किस्मेट मुळात सेकंदाला पाच चॅनेल (वायफायच्या फ्रिक्वेन्सीचे ठरलेले कप्पे) बदलतं, म्हणजे एका चॅनेलवर 200 मिलिसेकंद; एक-दोन बीकन कानावर पडतील इतकाच वेळ. 2.4 गिगाहर्ट्झचे 13 आणि 5 गिगाहर्ट्झचे 25 असे 38 चॅनेल एकाच कार्डावर फिरवले, तर एका फेरीला 7.6 सेकंद लागतात. ताशी 40 किमीनं गाडी तेवढ्यात 84 मीटर पुढे गेलेली असते. आतल्या इमारतीतला राउटर रस्त्याच्या तीस-चाळीस मीटरच्या पट्ट्यातच ऐकू येत असेल, तर तो निसटणारच. यावर चॅनेल बदलण्याचा वेग वाढवायचा मोह होतो, तो टाळा. सेकंदाला दहाच्या वर गेलात की चॅनेलवरचा मुक्काम बीकनच्या अंतरापेक्षा कमी होतो आणि उलट जास्त नेटवर्कं हुकतात.

उपाय दोन कार्डांचा. एकाला फक्त 2.4 चे 13 चॅनेल द्या: फेरी 2.6 सेकंदांची, 40 च्या वेगानं 29 मीटर. दुसऱ्याला 5 गिगाहर्ट्झचे 25 द्या: फेरी 5 सेकंदांची. गल्लीत वेग 20 वर आणलात की यातही गाडी एका फेरीत 28 मीटरच सरकते. चॅनेलची यादी कॉन्फिगमध्ये स्वतः लिहा, नाहीतर रुंद चॅनेलचे प्रकारही यादीत शिरून फेरी लांबू शकते. लिनक्समध्ये नेटवर्क जोडणाऱ्या नेटवर्कमॅनेजरला या कार्डांपासून लांब ठेवा. तो मध्येच कार्ड ताब्यात घेतो आणि मॉनिटर मोड (कुठेही न जोडता सगळं नुसतं ऐकण्याची अवस्था) तुटतो. किस्मेट ‘वॉरड्राइव्ह’ ओव्हरराइड (अशा फेरीसाठीची तयार सेटिंग) देऊन सुरू करा, म्हणजे फक्त अ‍ॅक्सेस पॉइंटची, म्हणजे नेटवर्क पुरवणाऱ्या राउटरांची, नोंद होते आणि विगल या वायफाय नकाशांच्या साइटला चालणारी सीएसव्ही फाइलही तयार होते.

कार्ड घेताना खोक्यावरचं नाव बघू नका, चिपसेट (आतली मुख्य चिप) बघा. 2.4 साठी अथेरॉसची एआर9271, दोन्ही बँडसाठी मीडियाटेकची एमटी7612यू. दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहेत. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन722एन अनेक ठिकाणी सुचवलेलं दिसेल, पण एआर9271 फक्त त्याच्या पहिल्या आवृत्तीत होती. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आहे आणि मॉनिटर मोडसाठी वेगळ्या ड्रायव्हरची खटपट करावी लागते.

अँटेना टपावर हवा. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, काचेवर धातूची फिल्म असेल तर काचही अडवते. चुंबकी बुडाचा 5 डीबीआयचा (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती एकवटतो याचं माप) अँटेना पुरे. 9 डीबीआयचा घ्यावासा वाटेल, पण त्याचा झोत आडवा आणि चपटा असतो, सहाव्या-सातव्या मजल्यावरचे राउटर त्याच्या वर राहतात. उंच सोसायट्यांच्या भागात मी 5 च घ्यायला सांगेन. केबल आखूड ठेवा. आरजी-174 सारख्या बारीक केबलीत 2.4 गिगाहर्ट्झला मीटरमागे दीड-दोन डेसिबल जातात.

यूएसबी 3 च्या पोर्टचा आणि केबलचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. त्यामुळे कार्ड यूएसबी 2 पोर्टला, एक्स्टेन्शन केबलनं लॅपटॉपपासून अर्धा मीटर तरी लांब. जीपीएस डॅशबोर्डवर, काचेखाली, जिथून आकाश दिसतं तिथे. थ्रीडी फिक्स (उंचीसकट पक्की जागा) मिळेपर्यंत गाडी हलवू नका, नाहीतर सुरुवातीच्या नोंदी जागेविना पडतात. पुढे लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावणार असाल, तर आधी इंजिन सुरू करा, मग पाय. स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडतं, पाय रीसेट होतो आणि लॉगचा डेटाबेस खराब होऊ शकतो.

आता रस्त्यावरचे ठिपके. किस्मेट नोंदवतं ती सिग्नल ऐकला त्या क्षणीची गाडीची जागा, राउटरची नव्हे. एकाच रस्त्यानं गेलात तर राउटर डावीकडे की उजवीकडे हे डेटात नसतंच. ब्लॉकला चारही बाजूंनी वळसा घाला आणि प्रत्येक बीएसएसआयडीच्या (नेटवर्कचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक) सगळ्या नोंदींची सिग्नलच्या ताकदीनुसार भारित सरासरी काढा, की ठिपका इमारतीकडे सरकतो. मोजताना एक लक्षात असू द्या: एकच राउटर 2.4, 5 आणि गेस्ट असे तीन बीएसएसआयडी दाखवू शकतो. मॅक पत्त्याचा दुसरा अंक 2, 6, ए किंवा ई असेल तर तो बहुधा फोनचा हॉटस्पॉट किंवा गेस्ट नेटवर्क. असे पत्ते वेगळे काढून तपासा.

लॅपटॉपकडे शेजारी बसलेल्यानं बघायचं, चालवणाऱ्यानं नाही. आणि ऐकणं बीकनपुरतंच ठेवा. परवानगीशिवाय कुणाच्या नेटवर्कात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 खाली येतं; नेटवर्क उघडं असलं तरी जोडून बघू नका. डेटा पॅकेटही साठवू नका. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांनी उघड्या नेटवर्कांवरचा मजकूर टिपल्याचं 2010 मध्ये कंपनीला मान्य करावं लागलं, आणि त्यातून अनेक देशांत चौकशा झाल्या. नकाशा स्वतः प्रसिद्ध करणार असाल तर ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘_nomap’ (नोमॅप) आहे ती नेटवर्कं आधी गाळा. मालकानं नको म्हणून सांगायची ती रूढ खूण आहे.