आजोबांच्या बग्ग्या, टांगा आणि खडखडा (उघडी घोडागाडी) असा संग्रह कोल्हापुरात एकगठ्ठा विकावा की सुटा?
सुटा विकावा, मात्र प्रत्येक गाडीचे दिवे, दांड्या आणि घोड्याचा साज तिच्यासोबतच द्यावा. वरातीसाठी बग्गी घेणारा चाकांची मजबुती पाहतो, तर संग्राहक मूळ रंग, गादीचे चामडे आणि चाकाच्या तुंब्यावरील (मधल्या गाभ्यावरील) पितळी टोपीवर कोरलेले कारखानदाराचे नाव शोधतो, म्हणून विक्रीपूर्वी नवा रंग देणे किंवा ती टोपी घासून गुळगुळीत करणे कृपया टाळावे. राजर्षी शाहू महाराजांच्या खडखड्यामुळे त्या गाडीविषयी येथे वेगळीच आपुलकी आहे. म्हणून आजोबांचा खडखडा शक्यतो जिल्ह्यातच राहावा, असे मनापासून वाटते. १०० वर्षे पूर्ण झालेली गाडी प्राचीन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशी ग्राहकाशी बोलणी करण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे लेखी मत घ्यावे.